दहा मिनिटं

नारिंगी प्लग उपसून मी खिशात घातला
आणि साबीरला म्हटलं, आता हात मागे.
दहा मिनिटं.
बॅटरी सुटली तरी पेटीतला कपॅसिटर जागा असतो,
साडेसहाशे व्होल्ट पोटात धरून,
गप्प.

अंबडच्या शेडचा पत्रा तापलेला.
कसाऱ्याच्या चढावर थांबलेली गाडी टोइंगवरून उतरवलेली,
आणि तिची मालकीण, भुलीच्या डॉक्टर तिडके, स्टुलावर.
म्हणाल्या, "नेमकं काय असतं हो या पेटीत?"

वीस वर्षं सातपूरला मोटरी भरल्या मी,
तांब्याचे वेढे बोटांनी मोजत.
मोटरला काय लागतं ते ठाऊक आहे :
एकीमागून एक तीन लाटा, फिरत्या.
बॅटरीला येते ती एक सरळ रेघ.
दोघींच्या मधे ही पेटी.
आत सहा स्विच. तीन जोड्या, वर एक, खाली एक.
सेकंदाला हजारो वेळा त्यांची उघडझाप,
रेघेचे तुकडे, अरुंद, रुंद, परत अरुंद,
आणि मोटरला वाटतं, लाट आली.

"वरचा आणि खालचा एकदम लागला तर?"
धूर, मॅडम.
म्हणून एक सुटला की दुसरा लागायच्या आत
निमिषाची कपची असते
दोघंही बंद असण्याची.
तेवढ्यात कुणीच काही करत नाही.
तिच्या जिवावर गाडी चालते.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "टेबलावर असंच असतं.
पेशंटचा श्वास थांबलेला,
माझी नळी अजून घशात जायची.
तेव्हा थिएटरमध्ये रेडिओ बंद करायला सांगते मी."

घाट उतरतानाचं मग सांगायचंच राहिलं,
की ब्रेकवर पाय ठेवला की मोटर उलटी कमावते,
तेच सहा स्विच लाटा सरळ करून
बॅटरीत परत टाकतात,
इगतपुरीची थोडी उंची घरी नेता येते.

साबीरने मीटर लावला. शून्य.
झाकण काढलं. पेटी ठणठणीत.
गेला होता तो खालचा पंप, मुठीएवढा,
पेटीभोवती गार पाणी खेळवणारा.
तो जाम झाला म्हणून पेटीनेच हात वर केले होते,
जळण्याआधी, शहाण्यासारखे.

संध्याकाळी प्लग परत बसवायला काढला
तर खिशात राहून
माझ्या अंगाइतका कोमट झालेला.