न पडलेले थेंब

अमळनेर, धुळे रोड, गाळा नंबर सात.
आत मी, एक कूलर आणि दहा फुटी मशीन.
शाईच्या उग्र वासानं दोघांचेही घसे धरलेले.

सुपडाआक्का स्क्रीनवर बोट आपटते :
"हाई वांगं आमनं नही शे."
इंटरनेटवरून उतरवलेलं ते, जांभळं, तुकतुकीत,
वासाच्या साबणानं धुतल्यासारखं.
भरिताचं वांगं हिरवं असतं, बामणोदचं,
अंगावर पांढऱ्या रेघा.
पिशवीतून काढून एक ठेवलंच तिनं कीबोर्डवर.

मी फोटो काढला. फाइल लावली.
मशीन रंग थुंकतं तरी कसं, तिनं विचारलं.

आक्का, तो कमरेचा लायटर द्या जरा.
टक्.
ह्याच्या पोटात एक खडा आहे,
दाबला की ठिणगी देतो.
मशीनच्या हेडमध्ये त्याच जातीचा खडा, पापुद्र्यासारखा,
हिशोब मात्र उलटा :
वीज आपण द्यायची,
अंग त्यानं चोरायचं.
किती? केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही.
आधी मागे सरतो, शाईचा घोट आत ओढतो,
मग पुढे.
भोकातून थेंब सुटतो
शेपूट आवरत, हवेतच गोल होत.
मोहरीच्या एका दाण्यात असे लाखभर मावतील.

दुसऱ्या जातीची यंत्रं शाईला चटका देतात,
वाफेचा बुडबुडा फुगवून थेंब ढकलतात.
हे काही तापवत नाही.
चिमटा घेतं नुसता,
सेकंदाला हजारो वेळा,
आणि दर वेळी फाइलीला विचारतं :
टाकू, का नको?

आक्कानं बाटल्या मोजल्या.
निळी, गुलाबी, पिवळी, काळी.
"पांढरं कोठे शे?"

पांढऱ्याची बाटली नसते, आक्का.
खडा जिथं हललाच नाही
तिथं पांढरं.

ती काही बोलली नाही.
वांगं उचलून रेघेवरून नख फिरवत राहिली.

मधेच व्होल्टेज पडलं, स्टॅबिलायझर कण्हला.
पुन्हा सुरू.
हेड इकडून तिकडे, तिकडून इकडे,
फ्लेक्स पट्टीपट्टीनं बाहेर :
आधी "सुपडाई भरीत सेंटर",
खाली कळण्याची भाकरी, पातीचा कांदा,
मग हिरवं.
जवळून पाहिलं तर हिरवं कुठंच नाही,
निळे ठिपके, पिवळे ठिपके,
एकमेकांच्या शेजाराला आलेले.
दोन पावलं मागे सरलं
की वांगं.

तिनं खरं वांगं फ्लेक्सला लावलं
आणि रेघा मोजल्या.
"हाई एक जास्त शे."

खरंच होती. आडवी, बारीक, सुतासारखी सरळ.
कुठलं तरी एक भोक सुकलं होतं,
खडा बिचारा वाकत होता,
थेंब येत नव्हता.
म्हटलं, हेड धुतो, परत काढून देतो.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली,

आणि दहा रुपये कमी दिले.
वांगं मात्र ठेवून गेली.