व्यवसायाचा रकाना

मतदार कार्डाच्या रांगेत मी खोटं बोलले,
एकच शब्द.
टेबलामागचा पोरगा मान वर न करता विचारत होता,
पोटापाण्याला काय करता?
माझ्या पुढची म्हणाली, मासे. तिच्या पुढचीही म्हणाली होती, मासे.
त्याने दोनदा मासे लिहिले, जांभई देत.
मी म्हणाले, शिक्षिका.
तेव्हा त्याने पाहिलं,
खुर्चीतून किंचित उठल्यासारखं केलं.
तेवढ्यासाठीच.

एरवी मी लोमेच्या बे वस्तीत, खाजणाच्या कडेला,
बदामाखाली स्टूल टाकून वेण्या घालते.
दोन कंगवे, एकाचे तीन दात गेलेले,
नायलॉनच्या केसांची पुडकी, काळी आणि मातकट लाल.
गिऱ्हाइकाचं डोकं मांडीत घ्यायचं काम हे,
हातभर अंतर ठेवून कसं करणार?
आधी लग्नं थांबली. मग मर्तिकाला पंधराच माणसं.
लग्न नाही, मर्तिक नाही,
तर उगाच कोण बसतं चार तास मान वाकडी करून?

रेडिओ म्हणाला, ज्यांची कामं बुडाली
त्यांना सरकार फोनवर पैसे पाठवणार.
शिक्का नको, अर्ज नको,
साहेबाच्या मेव्हण्याला शोधायला नको.
नुसता कार्डाचा नंबर दाबायचा.
दुसऱ्या दिवशी दुपारभर गल्लीत टिंग, टिंग.
मासे एक, टिंग. मासे दोन, टिंग.
कुणाच्या तरी चुलीवर बऱ्याच दिवसांनी तेल तापल्याचा वास.

माझा फोन म्हणाला,
आपला व्यवसाय या योजनेत बसत नाही.

बरोबरच आहे. शिक्षिकेला पगार असतो.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या शब्दावर
इतका गाढ विश्वास ठेवला होता.

रकाना बदलायला गेले, तर ऑफिसला कुलूप.
फाटकावरचा म्हणाला, साहेब घरी आहेत,
त्यांचा पगार चालू आहे, तुम्ही सगळं उठल्यावर या.
मग मी रोज संध्याकाळी तोच नंबर दाबायचे, उगीच.
रोज तेच उत्तर, फ्रेंचमध्ये, अदबीने.
त्या महिन्यात मला आपण म्हणणारं
दुसरं कोणी नव्हतं.

कोम्लानला मिळाले.
त्याच्या कार्डावर होतं, मोटरसायकल टॅक्सी.
ती तर त्याने बायकोच्या ऑपरेशनला विकली, दोन वर्षं झाली.
आता तो बंदरावर पोती मोजतो, म्हणजे मोजायचा.
विकलेल्या गाडीचं भाडं देतंय सरकार, म्हणाला,
आणि हसला. मग हसायचा थांबला,
कारण मी हसले नव्हते.
तिथेच त्याचं माझं बोलणं तुटलं, आठ दिवस.
राग त्याचा नव्हता. पण राग आला की
जो समोर दिसतो त्याच्यावरच बसतो.

नवव्या दिवशी त्याने पोरीला पाठवलं, एन्योनामला.
वाढदिवस नाही, सण नाही,
आणि तिच्या वेण्या तशा बऱ्या होत्या.
ती दारात उभी असतानाच माझा फोन वाजला.
टिंग.
मी आकडा वाचला. मग परत वाचला.
माझ्या दरापेक्षा जास्त होता, पण भीक वाटावी इतका नाही.
त्याने हिशेब घातला असणार, बराच वेळ.

संचारबंदीची शिट्टी झाली होती. दार लोटलं,
दोघींच्या तोंडाला फडकी, मधे कंदील.
तिच्या डोक्यातून धुराचा आणि खोबरेलाचा वास येत होता.
शाळा मार्चपासून बंद, पोर भिंतीशी बोलायला लागलेली.
भांग पाडताना माझ्या तोंडून निघून गेलं,
सात आठे?
ती थोडी थांबली. छप्पन्न.
बरोबर की चूक, मला ठाऊक नव्हतं.
मी म्हणाले, शाब्बास,
मान हलवू नकोस.