सिनेमाची पहिली दहा मिनिटं

शनिवारी मी गजर लावत नाही.
सोमवार ते शुक्रवार पोस्टात पाकिटं निवडते,
इकडची इकडे, तिकडची तिकडे,
आणि रात्री डोळे मिटले तरी
पिनकोड पळत राहतात पापण्यांच्या आत.
शनिवारी ते थांबतात.

साडेदहाला ओइवा दार वाजवतो.
वय वर्षं नऊ, समोरच्या जिन्यातला.
त्याचा बाप कागदाच्या गिरणीतून रात्रपाळी करून येतो
आणि दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपतो,
म्हणून ह्याला घरात पाय न वाजवता चालावं लागतं.
माझ्याकडे त्याला वेलदोडे कुटायला मिळतात.
कूट बाबा, हवा तेवढा आवाज कर.

वेलदोडे! हेलसिंकीहून सहा तास वर,
जिथे नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस आवरतं घेतो
आणि तळ्यावर बर्फाची साय धरते,
तिथे हे नखाएवढे हिरवे डबे येतात तरी कुठून,
ओइवाने एकदा विचारलं.
मी म्हटलं, पोस्टाने.

मग कोमट दूध, यीस्ट, साखर, मैदा,
लोणी शेवटी, आणि हात कोपरापर्यंत.
आईचं माप होतं, पीठ हाताला सोडेपर्यंत.
माझं पीठ हाताला कधीच सोडत नाही,
मीच कंटाळून त्याला सोडते,
ओलं फडकं टाकून खिडकीपाशी ठेवते
आणि आम्ही पत्ते खेळतो.
तो लबाडी करतो. मीही करते, पण मला जमते.

थंडीत पीठ आळसावतं.
दोनला फुगायचं ते साडेतीनला फुगतं,
मग त्याच्या वेण्या घाला, पुन्हा वाट बघा,
वरून अंडं, जाड साखर, ओव्हन,
आणि सिनेमा पाचला.

सिनेमा म्हणजे जुन्या बंबखान्यामागचा हॉल.
बेचाळीस खुर्च्या, नऊ मोडक्या, शनिवारी एकच खेळ.
दारावरचा म्हातारा ताउनो
तिकीट फाडायच्या आधी पिशवीत नाक घालतो.
आम्ही आत शिरतो तेव्हा पडद्यावर
कुणीतरी आधीच पळत असतं.

"का पळतोय?" ओइवा कानाशी.
"चुकून दुसऱ्याची टोपी घातलीय.
टोपीच्या अस्तरात एक पत्ता शिवलेला आहे."
"कुणाचा?"
"तेच तर शोधतोय."

एकदा एक बाई जेवणाच्या टेबलाशी नुसतीच रडत होती.
मी म्हटलं, बहिणीने पियानो विकला, हिला न विचारता.
शेवटपर्यंत पियानो आला नाही.
ओइवा आठवडाभर त्याची चौकशी करत होता.

अंधारात पिशवी उघडली
की वास पुढच्या रांगांत जातो.
एकेक मान वळते. बोलत कुणी नाही.
एखादा हात मागे येतो, तळवा वर.

गेल्या शनिवारी मी शहाणपणा केला.
इमारतीच्या सॉनात आमची पाळी दुपारची होती,
नुकती ऊब धरलेली, तेव्हाच पिठाचं भांडं फळीवर ठेवलं.
अर्ध्या तासात पीठ फडकं उचलून बाहेर बघायला लागलं.
पाचला दहा कमी, आणि आम्ही खुर्चीत!
दिवे गेले. पहिल्यांदाच नावं वाचली,
कपडे कुणी शिवले, केस कुणी विंचरले.
मग एक घर, एक माणूस दात घासतोय,
बायको काहीतरी बिलाचं सांगतेय,
तो घड्याळ बघतो
आणि पळतो. बससाठी.

ओइवा माझ्याकडे वळला.
चष्म्यात पडद्याचा उजेड.
"बससाठी?"
"हो."
"नुसती बस?"
मी त्याला पाव दिला.
त्याने तो हातात धरून ठेवला, गार होईपर्यंत.

आज आला तेव्हा बाहेर उणे अकरा.
बूट काढले, खल पुढ्यात ओढला
आणि वेलदोडे सोलायला बसला,
नखाने, एकेक, साल वेगळी, दाणे वेगळे,
जणू गावात एवढेच उरलेत.
मी म्हटलं, सॉनाची पाळी आजही दुपारचीच आहे.
"राहू दे," मान वर न करता म्हणाला,
"खिडकीपाशीच ठेव."

मी पत्ते काढले.