दहावं तिकीट

दहा जण झाले तर तिकीट निम्म्यात.
हे त्या मुलीने फोनवर मला तीनदा सांगितलं,
जणू मी बहिरी आहे.
आहे थोडी. तीस वर्षं डबे बंद करणाऱ्या यंत्रापाशी काढली
की आधी कान जातात, मग गुडघे.

मग यादी. औषधाच्या पाकिटामागे.
हर्मिनिया येणार, पण आधी विचार, लिफ्ट आहे का?
आहे.
फेलिझ्बेला येणार, पण हर्मिनियाच्या शेजारी बसणार नाही:
पंच्याहत्तरच्या संपात कोण फाटकाच्या आत गेलं
आणि कोण बाहेर राहिलं,
ते भांडण अजून मिठात मुरतंय.
ओतिलिया नवऱ्याला आणणार.
तो तिथेही झोपेल, पण एक डोकं तर भरेल.
दर गुरुवारी पत्त्यांना जमणारं आमचं टेबल
कसंबसं ओढत मी नवावर आणलं आणि अडले.

इलीदियू म्हणाला, नाही.
का रे?
"मी तेव्हा कसा दिसायचो, ते मला माहीत आहे."
आणि पानं पिसत बसला.
मी त्याचे पैसे भरून टाकले. त्याला बोलले नाही.

सेतुबालच्या बंदरामागे
आमचाच कारखाना आता संग्रहालय झालाय.
भिंती त्याच, नळ तेच, फरशीला उतारही तोच.
वास तेवढा काढून टाकलाय.
फेलिझ्बेला दारातच थबकली, नाकाने काहीतरी शोधत,
मग म्हणाली, "हे काही खरं नाही."

फोटो त्रेसष्ट सालचे.
कुणी परदेशी तीन आठवडे धक्क्यावर राहिला होता.
आम्ही पोरी त्याच्या मागे मागे फिरायचो, चॉकलेटसाठी.
फोटोत आम्ही नाही. आमच्या आया आहेत,
ओळीने उभ्या, सार्डिनची मुंडकी उडवताना,
आमच्या आजच्या निम्म्या वयाच्या.
हर्मिनिया आपल्या आईला "पोरी" म्हणाली
आणि एकदम गप्प झाली.

शेवटून चौथी मात्र कुणालाच ओळखेना.
काटकुळी. डोक्याचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला.
सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत, ही माशाकडे.
खाली पाटी: अनोळखी मुलगी.
अनोळखी? या गावात?
फेलिझ्बेला म्हणाली, इदालिनाची मधली.
हर्मिनिया म्हणाली, छे, ती जाड होती.
जाड तू होतीस.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा दोघी एकमेकींशी बोलत होत्या,
तेही इतक्या मोठ्याने की पहारेकरी उठून आला.

शेवटी मी इलीदियूला फोन लावला.
त्याची आई त्याच टेबलावर होती, त्याला माहीत असणार.
सगळ्या माझ्या हाताभोवती वाकल्या.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं, "सुरी कुठल्या हातात आहे?"
डाव्या.
"मग मी आहे तो."

आईला ताप होता, म्हणाला.
एक दिवस चुकला तर टेबलावरची जागा जायची,
आणि बायकांच्या टेबलावर पोराला कोण घेणार?
पहाटे तीनला भोंगा झाला. आपलाच, लांब सुरात दोनदा वाजणारा.
तिने अंथरुणातूनच माझ्या डोक्याला रुमाल बांधला.
चार दिवस गेलो.
शेजारच्या बाईला कळलं होतं. ती माझी टोपली
आपल्या टोपलीतून भरायची.

शेवटून तिसरी.
हर्मिनियाची आई.

कुणी काही बोललं नाही.
बाकावर ओतिलियाचा नवरा जागा झाला,
म्हणाला, निघायचं का?
फेलिझ्बेलाने पर्समधून रुमाल काढला
आणि हर्मिनियाकडे न बघता
तिच्या बाजूला धरला.

फोन अजून चालूच होता.
पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज, मग तोही थांबला.
"बंद कधी होतं ते?"
सहाला.
"लिफ्ट आहे?"
आहे, म्हटलं. ये.