जुलैचा दुसरा आठवडा

कॅम्बोर्नच्या शाळेत माझी खोली म्हणजे
पूर्वी नकाशे ठेवायची जागा.
दारामागे अजून एक खंड गुंडाळून उभा आहे,
कुठला, ते मी कधी उघडून पाहिलं नाही.

पंधरा वर्षांची एकशे बेचाळीस मुलं.
प्रत्येकाला एक आठवडा, कुठेतरी, बिनपगारी,
मोठ्या माणसांच्या कामात.
त्यातल्या एकोणतीस जणींना जनावरांचं डॉक्टर व्हायचंय
आणि गावात दवाखाने दोन.
त्यातला एक माझा नंबर ओळखतो,
म्हणून उचलत नाही.

उरलेल्यांसाठी मी उंबरे झिजवते:
बेकरी, गॅरेज, वृद्धाश्रम, बंदरावरचं बर्फाचं कोठार.
नन्नाचा पाढा मला तोंडपाठ आहे,
विम्याच्या कडव्यासकट.

जोरी पेन्हॅलो यादीत शेवटचा.
काय आवडतं?
काही नाही.
बरं, काय आवडत नाही?
हे.
मी लिहून घेतलं. सबंध दिवसातलं
तेवढं एकच उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

मग मी बोलत राहिले, सवयीने,
आणि खिडकीच्या पडद्याची दोरी,
तीन वर्षं तुटून लोंबणारी,
त्याच्या बोटांत कधी गेली कळलं नाही.
त्याने तिला काहीतरी केलं. ओढली.
पडदा सरसरत वर गेला
आणि टेकडीवर बंद खाणीचं धुरांडं दिसलं.
त्याचा पणजोबा तिथे कथील खणायचा.
त्याला कुणी विचारलं नसणार, काय आवडतं.

फालमथला शिडं शिवणारी एक बाई आहे, लोवेना कार्न.
सोमवारी म्हणाली, नको.
गुरुवारी म्हणाली, सुया वीतभर लांब असतात, नको.
तिसऱ्या खेपेला मी काही मागितलंच नाही,
फक्त त्या गाठीचं सांगितलं.
पलीकडे शिवणयंत्र थांबलं.
कसली गाठ?
नाव नाही माहीत.
निसटते का?
मी उठून ओढून पाहिली. नाही.
मग पाठवा. आणि धड मोजे घालून या म्हणावं,
इथे शिडांवर अनवाणी किंवा मोज्यांनीच चालतात.

आठवडा संपला की मुलं एक फॉर्म भरतात.
काय शिकलास, यापुढे जोरीने काहीच लिहिलं नाही.
जाड पांढऱ्या कापडाचा तुकडा टाचून दिला,
नऊ टाके,
चौथा उसवून पुन्हा घातलेला.
समुपदेशकाची मदत झाली का,
यापुढे खूण होती: थोडीफार.

तो तुकडा माझ्या खणात आहे, फॉर्म ऑफिसात.
मोज्यांचं त्याला सांगायला मी विसरले होते.
पहिल्या दिवशी त्याच्या अंगठ्याला भोक होतं,
लोवेनाने ते आधी शिवायला लावलं, म्हणे.

आता टेगन दारात उभी आहे,
तिसावी.
पण हिला रक्त पाहून चक्कर येते.
बस, म्हटलं. आणि फोन उचलला,
अजून कुणाला लावायचा ते ठरलं नव्हतं.