हात वर

रग्बी क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही अकरा जण,
बारावा हीटर, तोही धड चालत नव्हता.
ग्विलिम म्हणाला, सतरा वर्षं झाली, गुडघे गेले,
आता वाटांचं काम कुणीतरी घ्या.
मग जी शांतता पसरली तिला वजन होतं,
ओल्या मातीने भरलेल्या ढकलगाडीइतकं.
जो तो आपापल्या बुटांकडे बघत राहिला.

गावात सांगतात, मी खिडकी लावा म्हणायला हात वर केला.
तसं नाही.
पूर्ण शुद्धीत केला,
दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन उचलणारा हात.

अध्यक्षपद म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत सात किल्ल्या,
त्यातल्या दोन कशाच्या ते कुणालाच ठाऊक नाही;
विम्याची पावती; वनखात्याला लिहायला घेतलेलं पत्र,
'महोदय'पाशी थांबलेलं;
आणि खात्यात दोनशे चौदा पौंड, साठ पेन्स.
डबा देताना ग्विलिमने कानमंत्र दिला,
"पाण्याकडे बघ. माणसं आपोआप कळतील."

मला वाटलं, म्हातारा काहीतरी गूढ बोलतोय.
तो नुसता नाल्यांबद्दल बोलत होता.
वेल्सच्या या खोऱ्यात पाऊस पाहुणा नाही, घरजावई आहे.
वळणाच्या पोटात बसून राहतो,
उठला की हातभर चर पाडून उठतो.
रविवारी आम्ही स्लेटचे तुकडे रचून चर बुजवतो,
त्याच खाणीचा टाकाऊ दगड
जिच्या धुळीने एलीनेडचे आजोबा खोकत गेले.
ती तो कधी फेकत नाही. वाकून ठेवते.

सायकलीच्या वेडापायी आलेली आम्ही माणसं,
हाती आली ती कुदळ.
गेल्या मार्चपासून माझी सायकल तीनदा बाहेर निघाली.

एप्रिलात मिसेस प्रॉसरचा फोन आला, थेट दवाखान्यात.
मी विचारलं, दाढ का?
"दाढ नाही, कुंपण.
माझ्या मेंढ्या विणीला आल्यात
आणि तुमची पोरं वरून उड्या मारतात."
आमची पोरं!
आमचा सर्वांत तरुण सभासद बेचाळीसचा.
तरी म्हणाले, बघते.

लार्चच्या रानात, पाटीच्या मागे, सापडली ती वाट,
चोरून खणलेली, बहुधा रात्री, बॅटरीच्या उजेडात.
शिव्यांची जुळवाजुळव करत मी उकिडवी बसले
आणि गप्प झाले.
प्रत्येक वळण पाण्याला विचारून घेतलेलं.
मुळांना कुठे धक्का नाही.
उडीच्या पायथ्याशी सपाट दगड अस्सा बसवलेला,
जो आमच्या समितीला चार बैठकांत जमला नव्हता.

बंद तर करायचीच होती.
मेंढ्या खऱ्या, कुंपण खरं, करारावर सही माझी.
पण आधी, हे इतिवृत्तात नाही,
मी सायकल आणली आणि एकदा उतरले.
पोट घशाशी, दोन्ही चाकं हवेत,
पन्नाशीतली अध्यक्षा किंचाळली.
कुंपणाच्या बरीच अलीकडे थांबले तेव्हा
खालून एका मेंढीने उत्तर दिलं.

मग फांद्या ओढल्या, आडव्या टाकल्या.
तिथेच फावडं खोचलेलं दिसलं, आमच्याच कोठीतून गेलेलं,
दांड्यावर चाकूने कोरलेलं: योआन.
उचललं नाही.
पावतीच्या पाठीवर लिहून अडकवलं,
रविवारी नऊला. चहा असतो.

तीन रविवार कुणी आलं नाही.
चहा गार झाला, आम्ही प्यायलो.
चौथ्या रविवारी, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक पोरगा
वीस पावलांवर उभा, हातात फावडं,
ना नमस्कार, ना माफी.
बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला,
"तो नाला चुकीच्या बाजूला वाहणार."

आम्ही किटलीतलं पाणी ओतून पाहिलं.
खरंच, वाहत होता.