एक कमी

पाणी कुठवर आलं, हे नाशिकात
दुतोंड्या मारुतीकडे बघून कळतं:
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
मीही तेच केलं, अडतीस वर्षं.
मेंदूचे काप काढले कागदाहून पातळ,
रंगवले, काचेवर चढवले,
आणि लिहीत गेले, कुठवर आलं.

पूर ओसरतो. हा ओसरत नाही.
एवढंच सांगायला हिंडले
निफाडची शाळा, सिन्नरचं मंगल कार्यालय.
मागच्या रांगेतून कुणी म्हणायचं,
'साठी बुद्धी नाठी, बाई!'
आणि सभा हसायची.
निम्मी हयात एका म्हणीशी भांडण्यात गेली.
तिच्याकडे यमक होतं,
माझ्याकडे आकडेवारी.

वामन पगार. नोट प्रेस, मोजणी खातं, निवृत्त.
हौसाबाईंनी त्यांना जेल रोडवरून रिक्षात आणलं,
त्यांच्या मनगटाला आपला पदर बांधून.
'औषध द्या.'
मी औषधाची डॉक्टर नाही, म्हटलं.
'मग कशाची?'

घड्याळ काढा म्हटलं तर पगारांनी
आडवा चौकोन काढला
आणि आत कोरी जागा ठेवली, जलचिन्हासाठी.
बायकोला ते 'ताई' म्हणत होते.
टेबलावर संमतिपत्रांचा गठ्ठा होता.
अंगठा ओला करून त्यांनी तो सोडला, फर्रर्र,
'एक कमी.'
ते गेल्यावर मी मोजले.
नव्व्याण्णव.

त्यातल्याच एका कागदावर पुढं हौसाबाईंची सही.
दीर ओरडला, माणूस अर्धा जाळायचा का?
'अर्धा तर आधीच गेलाय,' त्या म्हणाल्या,
आणि पेन मागितलं.

मंत्रालयात मला अकरा मिनिटं मिळाली.
साहेब हसून म्हणाले, विसरभोळा मतदार काय वाईट?
केस पेपरावरचा 'म्हातारचळ' खोडून
'स्मृतिभ्रंश' छापायला सहा वर्षं लागली.
पेढे घेऊन हौसाबाईंकडे गेले.
'शब्द चांगलाय,' त्या म्हणाल्या.
'पण रात्री तीनला हे डबा मागून ड्युटीला निघायचे,
तेव्हा दारात मी आडवी व्हायचे.
शब्द नाही.'
मी पेढ्याचा बॉक्स उघडलाच नाही.

शेवटी एकदा त्या प्रयोगशाळेत आल्या.
चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला,
बराच वेळ.
'ह्यात मी कुठं?'
मी जागा सरकवून दाखवली:
नुसता गाळ, घरं बसलेली.
'आणि हे, अजून भरलेलं?'
हाताच्या सवयी राहतात तिथं, म्हटलं. मोजणी वगैरे.
पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

त्यांनी पदरानं डोळा पुसला, मग काच पुसली.
'बरोबर,' म्हणाल्या,
'ओव्हरटाइम तिथंच असणार.'